खोली भाड्याने देणे आहे

माझं गाव कारेगाव, तालुका शिरूर. पुण्यातल्या माणसाला हे सांगितलं की तो हमखास विचारतो, "म्हणजे ते भीमा-कोरेगावच ना?" फरक एका मात्रेचा आहे, पण तो दर वेळी समजावून सांगावा लागतो. पुण्याहून नगर रस्त्यानं निघालं की आधी भीमेच्या काठावरचा जयस्तंभ लागतो. पूल ओलांडला की कोरेगाव, मग सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावचा महागणपती, आणि गणपतीला मागं टाकून थोडं पुढं आलं की आम्ही. कोरेगावला इतिहास आहे, रांजणगावला देव आहे आणि आपल्याला एमआयडीसी आहे, असं आमच्याकडची पोरं म्हणतात.

एमआयडीसी नव्वदच्या दशकात आली. त्याआधी आमच्या घरी बाजरी, मटकी आणि पावसाची वाट, एवढंच पिकायचं. जमिनी गेल्या, पैसे आले. कुणाचे गाडीत गेले, कुणाचे लग्नात. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरामागं खोल्या बांधल्या. आधी पत्र्याच्या पाच, मग स्लॅबच्या दहा. बीड, परभणी, नांदेडकडची पोरं, नंतर बिहार-युपीची. एका खोलीत चौघं. दोघं रात्रपाळीला गेले की त्यांच्या गादीवर दुसरे दोघं. मेसचा डबा दाराच्या कडीला अडकवलेला. माझ्या इंजिनिअरिंगची फी या खोल्यांच्या भाड्यातून भरली गेली, हे मी कधी विसरत नाही.

फाटकावर निळ्या रंगात लिहिलेली पाटी होती, 'खोली भाड्याने देणे आहे'. ती वाचून कुणी आत आला की प्रश्न ठरलेले असायचे. गाव कुठलं? कंपनी कोणती? लग्न झालंय का? आणि मग अगदी सहज, जाता जाता विचारल्यासारखं, आडनाव काय? पहिल्या तीन प्रश्नांवर भाडं ठरायचं. चौथ्यावर खोली आहे की नाही ते ठरायचं. आडनावावरून अंदाज आला नाही, तर "पाव्हणे कुठले?" असा फाटा फुटायचा. मग कधीकधी खोली "कालच गेलेली" असायची.

एकदा हे वाक्य मीही बोललो आहे. नववीत होतो. घरी कुणी नव्हतं. हातात रेक्झिनची बॅग घेतलेला एक माणूस आला. मी अण्णांचे चारही प्रश्न त्यांच्याच क्रमानं विचारले आणि म्हणालो, "कालच गेली खोली." तो "बरं" म्हणाला आणि पाटीकडे एकदा बघून निघून गेला. पाटी तशीच होती. हा प्रसंग मी कित्येक वर्षं कुणाला सांगितला नव्हता. तो लंडनमध्ये आठवला, म्हणून हा लेख.

*

२०२३ च्या ऑक्टोबरात कंपनीनं मला तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं. प्रशिक्षण शुक्रवारी संपलं, परतीचं विमान मंगळवारी. मधले चार दिवस माझे, आणि खर्चही माझा. पौंड तेव्हा शंभर रुपयांच्या थोडा वर होता. पाठीवर बॅग टाकून मी लंडनला आलो आणि किंग्ज क्रॉसजवळच्या एका हॉस्टेलात आठ जणांच्या खोलीतला वरचा बंक घेतला. खाली कोण घोरतंय, कुणाचा गजर पहाटे चारला वाजतोय, हे ऐकताना आमच्या खोल्यांमधली पोरं आठवायची. त्यांच्याकडे गाद्या चार आणि माणसं सहा, इथे निदान बंक प्रत्येकाचा स्वतःचा होता.

लंडनमध्ये कमी पैशात राहायचं तर शंभराचा पाढा आधी विसरावा लागतो. तो डोक्यात चालू राहिला की चहाही घशाखाली उतरत नाही. दुसरं म्हणजे भुयारी रेल्वेचा मोह सोडायचा. २०२३ मध्ये बसला एक पौंड पंचाहत्तर पेन्स पडायचे आणि तासाभरात बस बदलली तर पुन्हा पैसे कापले जात नाहीत. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली की शहर दिसतं, आणि टूरवाल्यांच्या उघड्या बसचे पैसे वाचतात. दुपारी सुपरमार्केटातलं मील डील घ्यायचं, म्हणजे सँडविच, वेफर्स आणि एक पेय, तिन्ही मिळून तेव्हा चार पौंडांच्या आत मिळायचं. ते बागेतल्या बाकावर बसून खायचं. शेजारी सूटबूट घातलेला बँकवाला तेच खात असतो, त्यामुळे लाज वाटत नाही. सगळ्यात मोठी सोय म्हणजे मोठी राष्ट्रीय संग्रहालयं. २००१ पासून त्या सगळ्यांना प्रवेश फुकट आहे. ब्रिटिश म्युझियम तर १७५९ मध्ये उघडलं तेव्हाही बिनपैशाचंच होतं.

रविवारी सकाळी फुकटात काय बघता येईल याची यादी करताना त्यात '१०, किंग हेन्रीज रोड' सापडलं. आंबेडकर संग्रहालय, प्रवेश विनामूल्य. मी तिथे श्रद्धेनं गेलो असं लिहिलं तर ते खोटं होईल. फुकट होतं म्हणून गेलो.

*

चॉक फार्म स्टेशनाच्या जवळ, प्रिमरोज हिलच्या कुशीत ही गल्ली आहे. एकाला एक चिकटलेली उंच घरं, दारापर्यंत चढणाऱ्या पायऱ्या. आज हा श्रीमंतांचा भाग आहे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहिले, असं भिंतीवरची गोल निळी पाटी सांगते. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये हे घर विकत घेतलं आणि त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पुढे रहिवासी भागात संग्रहालय चालवण्यावरून शेजारी आणि स्थानिक कौन्सिल यांच्याशी वाद झाला. मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारनं परवानगी दिली आणि तो मिटला.

आत शिरताना माझ्या डोक्यात 'बाबासाहेबांचं घर' होतं. पायऱ्या चढताना लक्षात आलं की ते त्यांचं घर नव्हतंच, ते भाडेकरू होते. दुसऱ्याच्या घरातली एक खोली, मालकिणीनं ठरवलेला नाश्ता आणि मालकिणीचे नियम. आमच्या चार नंबरच्या खोलीतल्या पोरासारखे ते राहत होते. या एका गोष्टीनं माझ्यापुरतं सगळं बदललं. भाडेकरू म्हटल्यावर मला काय विचारायचं ते कळतं. भाडं कुठून आणत होते? जेवत काय होते? घरी किती पाठवायचे? आणि खोली मिळताना त्यांना काय विचारलं होतं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुंबईपासून सुरू होतं. आंबेडकर लंडनला प्रथम आले ते १९१६ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन, दोन्हीकडे नाव घातलं. वर्षभरात बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत विद्यापीठानं दिली होती. घड्याळ चालू झालं होतं आणि खिसा रिकामा होता.

नोव्हेंबर १९१८ मध्ये त्यांना मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची नोकरी लागली, पगार साडेचारशे रुपये. त्या काळात हा मोठा पगार होता, पण राहणं परळच्या चाळीतच. रमाबाईंच्या हातात घरखर्चापुरतं द्यायचं आणि बाकीचं विलायतेसाठी बाजूला टाकायचं. दीड वर्ष असं चाललं. त्यात कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दीड हजार रुपयांची मदत केली आणि नवल भथेना या पारशी मित्रानं पाच हजार रुपये उसने दिले. एवढ्या शिदोरीवर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवलं आहे. खाणावळीची मालकीण कंजूष आणि कडक होती. सकाळी पावाचा तुकडा, त्यावर दिसेल न दिसेल इतका जॅम आणि कपभर काहीतरी गरम. दुपारचं जेवण बहुतेक टळायचं. रात्री वाचत बसल्यावर पोटात कावळे ओरडायला लागले की एका ओळखीच्या गृहस्थानं दिलेले पापड भाजून खायचे. खोलीतला सोबती म्हणायचा, आता झोपा. हे म्हणायचे, माझ्याकडे पैसा नाही आणि वेळही नाही, मला अभ्यास लवकर संपवलाच पाहिजे.

कमी खर्चात लंडनमध्ये राहिलेला आणखी एक हिंदी विद्यार्थी आपल्याला माहीत आहे. १८८८ ते १८९१ या काळात गांधी इथे होते. पै-पैचा हिशेब लिहायचे, मैलोन् मैल चालायचे. पुढे त्यांनी खोली बदलली, हातानं ओटची लापशी आणि कोको करून दिवसाचं खाणं एक शिलिंग तीन पेन्सांत भागवलं. पण गांधींची काटकसर हा त्यांनी स्वतःवर केलेला प्रयोग होता. हवं तर ते थांबवू शकत होते. आंबेडकरांना ती मुभा नव्हती. इकडे उपास पडला तर तिकडे परळमध्येही ओढाताणच चालली होती.

*

संग्रहालयातून निघालो आणि ठरवलं, इथून ब्रिटिश म्युझियमपर्यंत चालत जायचं. नकाशावर चार किलोमीटरच्या आसपास दिसत होतं. रेल्वेमार्गावरचा पूल ओलांडून चॉक फार्म, तिथून कॅम्डेनचा गजबजलेला रस्ता, पुढे हॅम्पस्टेड रोड. युस्टनजवळ ड्रमंड स्ट्रीटवर भेळपुरीची आणि दुपारच्या बुफेची देशी हॉटेलं आहेत. तिथे त्या चार दिवसांतलं पहिलं पोटभर जेवण झालं. मग गॉवर स्ट्रीटनं सरळ खाली. जेवणाची वेळ सोडून सव्वा तास लागला. हा रस्ता ते किती वेळा पायी चालले असतील, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. पण बसचे पैसे वाचवायला ते चालायचे, एवढं चरित्रांत आहे.

म्युझियमच्या मध्यभागी ती गोल इमारत आहे. १८५७ मध्ये उघडलेलं वाचनालय, वर प्रचंड घुमट. कार्ल मार्क्स इथे बसून वाचायचा. लेनिननं खोटं नाव घेऊन इथला वाचनाचा परवाना काढला होता. आंबेडकर सकाळी दार उघडायच्या वेळी हजर असायचे आणि बंद होताना उठायचे. १९९७ मध्ये इथली पुस्तकं सेंट पँक्रसच्या नव्या ब्रिटिश लायब्ररीत हलवली. मी गेलो तेव्हा गोल खोलीचं दार बंद होतं. बाहेर काचेच्या छताखाली शाळेची मुलं सँडविच खात बसली होती.

परवाना काढायला त्या काळी पैसे लागत नसत. वय एकवीस पूर्ण असावं आणि कुणा प्रतिष्ठित माणसाचं शिफारसपत्र असावं, एवढीच अट. लंडनमधली जगातली सगळ्यात महाग गोष्ट, म्हणजे कोट्यवधींची पुस्तकं, फुकट होती. पाव आणि बस मात्र विकत होती. उपाशी माणसासाठी हा सौदा विचित्र आहे. पण ज्याला पुस्तकंच हवी होती, त्याच्यासाठी हे शहर न्यूयॉर्कइतकंच उदार होतं.

इथे बसून त्यांनी १९२१ मध्ये एम.एस्सी. मिळवली. १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात डी.एस्सी.साठी प्रबंध सादर केला. त्याचा विषय होता रुपया.

*

आता या रुपयाबद्दल सांगायला हवं, कारण पावावरचा जॅम पातळ का होता याचं अर्धं कारण त्यात आहे.

महायुद्धाआधी कित्येक वर्षं रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स असा बांधलेला होता, म्हणजे पंधरा रुपयांना एक पौंड. युद्धात चांदी भडकली आणि रुपया चांदीचा असल्यामुळे त्याचाही भाव चढत गेला. १९२० च्या सुरुवातीला सरकारनं समितीची शिफारस मानून रुपया दोन शिलिंगांवर नेऊन बसवायचं ठरवलं. कायद्यानं सोन्याच्या सॉव्हरिनचा भाव पंधरावरून दहा रुपयांवर आणला. नेमका त्याच वेळी वारा फिरला. हिंदुस्थानची निर्यात मंदावली, आयात वाढली, आणि जो तो रुपये देऊन पौंड मागू लागला. भाव टिकवण्यासाठी सरकारनं सुमारे साडेपाच कोटी पौंडांच्या हुंड्या स्वस्तात विकल्या आणि सप्टेंबर १९२० मध्ये हात टेकले. १९२१ उजाडेपर्यंत रुपया घसरत पुन्हा जुन्या पातळीच्या आसपास आला होता.

हा आकड्यांचा खेळ एका भाडेकरूच्या खिशात घालून बघू. दोन शिलिंगांच्या भावानं पाच हजार रुपयांचे होतात पाचशे पौंड. एक शिलिंग चार पेन्सांनी होतात तीनशे तेहतीस. कुणी चोरी केली नाही, कुणी उधळपट्टी केली नाही, तरी एक तृतीयांश रक्कम गायब.

सप्टेंबर १९२१ मध्ये आंबेडकरांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड उसने मागितले. बॅरिस्टरीची फी भरायला साधारण अर्धे आणि परतीच्या तिकिटाला अर्धे. पत्रात त्यांनी विनिमय दराच्या उलथापालथीनं आपला हिशेब कोलमडल्याचं म्हटलं आहे आणि परतल्यावर व्याजासह फेडू असंही लिहिलं आहे. वर्षापूर्वी जे दोनशे पौंड दोन हजार रुपयांना पडतील असं सरकार सांगत होतं, त्यांची किंमत आता तीन हजारांवर गेली होती. पुढच्या मे महिन्यात महाराज वारले.

'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हे पुस्तक कॉलेजात आम्हाला नावापुरतं माहीत होतं. ते वाचताना मला आता सतत वाटतं की हा माणूस दिवसा घुमटाखाली रुपयाचा इतिहास लिहीत होता आणि रात्री त्याच रुपयाची झळ सोसत होता. पुस्तकात याचा अवाक्षरानंही उल्लेख नाही, प्रबंधात तो असतही नाही. पण एक प्रश्न त्यात आहे, जो मला चार नंबरच्या खोलीपर्यंत घेऊन येतो. रुपया स्वस्त झाला की व्यापाराचा फायदा होतो, असं तेव्हाही म्हणत आणि आजही म्हणतात. आंबेडकर विचारतात, हा फायदा कुणाच्या खिशातून येतो? परदेशी माणसाच्या, की आपल्याच देशातल्या दुसऱ्या कुणाच्या? त्यांचं उत्तर असं की रुपया पडला की देशात किमती चढतात, मजुरी मात्र त्या वेगानं चढत नाही. मग मालकाच्या वहीत जो नफा दिसतो, तो बऱ्याच अंशी मजुराच्या ताटातून आलेला असतो. आमच्या एमआयडीसीतही रुपया घसरल्याची बातमी आली की निर्यात करणाऱ्या कंपन्यांत समाधान असतं. मेसवाल्या काकू मात्र तेलाचा भाव वाढला म्हणून महिन्याचे दोनशे वाढवतात.

परीक्षकांनी प्रबंधात सुधारणा मागितल्या. तोवर पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये आंबेडकर मुंबईला परतले, सुधारलेला प्रबंध तिथून पाठवला आणि त्याच वर्षाअखेर डी.एस्सी. मिळाली. डिसेंबरात पुस्तक लंडनमध्ये छापून आलं. त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि शिष्याची काही मतं आपल्याला पटत नाहीत, हेही त्यात मोकळेपणानं सांगितलं.

*

शेवटचा प्रश्न राहिला. खोली मिळताना त्यांना काय विचारलं होतं?

किंग हेन्रीज रोडच्या मालकिणीनं नेमकं काय विचारलं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. पैसे आगाऊ मागितले असतील. दुसऱ्या एका शहरात काय विचारलं गेलं, ते मात्र खुद्द आंबेडकरांनी लिहून ठेवलं आहे, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत. शहर बडोदा, साल १९१७. कोलंबिया आणि लंडन करून आलेला हा माणूस करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेला. हिंदू खाणावळीत जागा मिळणार नाही हे माहीत होतं, म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून उतरला. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला बजावून गेले. गावात एक हिंदू मित्र होता, एक ख्रिस्ती मित्र होता. दोघांनी आपापली अडचण सांगितली. परतीच्या गाडीला वेळ होता, तेवढे पाचेक तास त्यांनी कामाठी बागेत काढले. मग रात्रीच्या गाडीनं मुंबई.

लंडनला मी संत ठरवत नाही. काळ्या-सावळ्या माणसाला खोली नाकारणाऱ्या मालकिणी या शहरातही होत्या, आणि घर देताना वंशावरून नकार देणं इथे बेकायदा ठरलं ते थेट १९६८ च्या कायद्यानं. पण आंबेडकरांच्या वाट्याला आलेलं लंडन मालकिणीच्या जॅमइतकंच कंजूष होतं. ती कमतरता पैशानं भरून निघाली असती. आणखी दोनशे पौंड असते तर जॅम जाड मिळाला असता. बडोद्यात त्यांच्याकडे नोकरी होती, पगार होता, भाडं द्यायला पैसे होते. तिथे भाव पैशात नव्हताच.

कुठलं शहर स्वस्त आणि कुठलं महाग, याच्या याद्या आपण काढतो. हॉस्टेलच्या वरच्या बंकवर त्या रात्री मी माझी यादी बघत होतो. बस १.७५, जेवण ९, संग्रहालयं शून्य. आणि मला तो रेक्झिनच्या बॅगेचा माणूस आठवला. आमच्या खोलीचं भाडं तेव्हा सातशे रुपये होतं. त्याच्याकडे ते होतं, हातात कंपनीचं पत्रही होतं. आमचं कारेगाव त्याच्यासाठी लंडनपेक्षा महाग होतं, कारण मी सांगितलेला भाव त्याला कोणत्याच चलनात भरता येणार नव्हता. आठ जणांच्या त्या खोलीत माझा पासपोर्ट बघून किल्ली देणाऱ्या मुलीनं माझं आडनाव वाचलं होतं, पण तिला त्यातून काहीच कळलं नव्हतं. माझ्या आडनावातून काही न कळणारी माणसं मला आयुष्यात पहिल्यांदा भेटत होती. मला ते थोडं अपमानास्पद वाटलं होतं, हेही इथे लिहून ठेवतो.

*

लंडनहून परतल्यावर चार वर्षांनी, १ जानेवारी १९२७ रोजी, बाबासाहेब आमच्या नगर रस्त्यावर जयस्तंभापाशी आले. त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी पाणी प्यायलं. लंडनमध्ये फुकट वाचलेल्या पुस्तकांचा हिशेब ते कुठे चुकता करत होते, हे आमच्या कारेगावपासून पाऊण तासाच्या अंतरावर दिसतं. मी लहानपणापासून एक जानेवारीला त्या रस्त्यानं जाणारे ट्रक आणि निळे झेंडे पाहत आलो. घरचे म्हणायचे, आज पुण्याला जायचं नाही, गर्दी असते. माझ्या लेखी त्या दिवसाचा अर्थ तेवढाच होता. जयस्तंभापाशी मी पहिल्यांदा उतरलो तो लंडनहून आल्यावर, एका साध्या बुधवारी. स्तंभावर कोरलेली नावं वाचली. ज्या नावांच्या शेवटी 'नाक' आहे ती बोटानं मोजली. बावीस.

अण्णांना मी लंडनच्या भाडेकरूची गोष्ट सांगितली. त्यांनी नीट ऐकली. दोनशे पौंडांचं पत्र ऐकताना "अरेरे" म्हणाले. मग मी रेक्झिनच्या बॅगेवाल्याचंही सांगितलं. त्यावर ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "गावात राहायचंय आपल्याला."

गेल्या दिवाळीनंतर सात नंबरची खोली रिकामी झाली. लातूरकडचा एक मुलगा बायकोला घेऊन आला. मी फाटकाशी होतो, अण्णा ओट्यावर. मी गाव विचारलं, कंपनी विचारली, डिपॉझिट आणि भाडं सांगितलं. चौथा प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, झालं. पण भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते, म्हणून आधार कार्डाची झेरॉक्स घेतोच. मुलानं ती काढून अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी चष्मा लावला. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं सावकाश वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मीही बघत राहिलो. ते दोघं नवराबायको पायाशी पिशव्या ठेवून उभे होते. त्या मुलाला या शांततेचा अर्थ माझ्यापेक्षा चांगला माहीत होता, कारण त्यानं एक पिशवी पुन्हा हातात घेतली.

"पाणी सकाळी सातला येतं," अण्णा म्हणाले. "तासभरच असतं. भरून ठेवायचं."

त्या मुलानं पिशवी खाली ठेवली.